विमानाच्या अंगावरील अक्षरे

२ डिसेंबर १९६४ रोजी पोप सहावे पॉल यांनी मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर पाऊल ठेवले. पदावर असलेल्या पोपमहोदयांनी भारतभूमीवर येण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मुंबईत भरलेल्या अडतिसाव्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेससाठी ते आले होते. त्या दिवसांच्या आठवणी आपल्या समाजाने अनेक प्रकारे जतन केल्या आहेत. ओव्हल मैदानावर लोटलेला जनसागर, अन्य धर्मीयांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपमहोदयांनी बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेला दिलेले मानाचे स्थान, परत जाताना आपली मोटार मदर तेरेसांच्या कार्यासाठी देऊन टाकण्याचे त्यांचे औदार्य, या साऱ्याविषयी पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. त्यांना रोमहून घेऊन आलेल्या एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानाविषयी मात्र कोणी फारसे लिहिलेले नाही. अशा प्रसंगांच्या छायाचित्रांत विमान मागे उभे असते. त्याच्या अंगावरील अक्षरे स्वागताला आलेल्यांच्या मस्तकांआड निम्मीअधिक झाकलेली असतात.

प्रस्तुत लेखाचा विषय ही अर्धी झाकलेली अक्षरे हाच आहे. त्याला निमित्तही तसेच आहे. घरच्या संगणकावर विमान चालविण्याचा अनुभव देणारे जे ‘फ्लाइट सिम्युलेटर’ नावाचे कार्यक्रम आहेत, त्यांतील विमानांना जुन्या काळातील विमान कंपन्यांची अक्षरे, चिन्हे आणि रंग जसेच्या तसे चढविण्याचा एक छंद गेली काही दशके जगभर वाढीस लागला आहे. या छंदाला ‘रिपेंट’ म्हणजे पुनर्रंगकाम असे म्हणतात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटेल. परंतु त्यात गुंतलेले परिश्रम आणि प्रश्न समजून घेतले म्हणजे लक्षात येते की, हे एक प्रकारचे इतिहासलेखनच आहे; आणि इतिहासलेखकाला जी पथ्ये पाळावी लागतात, ती येथेही टळत नाहीत.

चिन्हांची परंपरा

विमान कंपन्यांच्या चिन्हांचा इतिहास जवळजवळ प्रवासी विमानवाहतुकीइतकाच जुना आहे. जर्मनीच्या लुफ्तान्साचा उडता क्रौंच हा ऑटो फिर्ले या कलावंताने १९१८ साली एका पूर्वगामी कंपनीसाठी रेखाटला होता. ब्रिटनच्या इंपीरियल एअरवेजसाठी थेअर ली-एलियट यांनी १९३२ साली ‘स्पीडबर्ड’ नावाचा बाणासारखा पक्षी काढला आणि पुढे बी. ओ. ए. सी. या कंपनीकडे तो वारशाने आला. ही चिन्हे हाताने रेखाटलेली होती. त्यांच्या सोबतची अक्षरेही बहुधा स्वतंत्रपणे काढलेली असत. आराखडा कागदावर तयार होई, मोठ्या कागदावर त्याची प्रत काढून रेषांवर छिद्रे पाडली जात आणि त्यातून खडूची पूड झाडून विमानाच्या पत्र्यावर आकृती उठविली जाई. आपल्याकडे उंबऱ्यासमोर रांगोळीचा छिद्रांचा कागद जसा वापरतात, तशीच ही रीत. मग चिकटपट्टीच्या कडा लावून पेंटर रंग भरीत. त्या पेंटरांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत.

पुढे छापखान्यातील तयार टाइपाचा वापर वाढला. अमेरिकन एअरलाइन्सने १९६७ साली मास्सिमो विन्येल्ली या आराखडाकाराकडून जे रूप घेतले, त्यात हेल्व्हेटिका हा प्रचलित टाइप होता. पुनर्रंगकाम करणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. हेल्व्हेटिका आजही कोणाच्याही संगणकावर मिळू शकते. तेव्हा ते नाव पुन्हा जुळविणे सोपे. जे नाव कोणा एका हाताने, कोणा एका कंपनीसाठी, एकदाच रेखाटले गेले, त्याचा टाइप कोठेच मिळत नाही. ते अक्षर पुन्हा रेखाटावे लागते, आणि रेखाटण्यासाठी ते आधी नीट पाहावे लागते.

एअर इंडियाची बदलती रूपे

आपल्याकडील उदाहरण घेऊ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू विमानतळावर टपाल आणले. तेथून टाटांच्या हवाई सेवेस आरंभ झाला. १९४६ साली तिचे ‘एअर-इंडिया’ या नावाने सार्वजनिक कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी कंपनीचे बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुजरा करणारा ‘महाराजा’ जन्माला घातला. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. तेव्हा कंपनीचे नाव ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ असे होते. तिचे चिन्ह होते अर्धा माणूस आणि अर्धा घोडा असलेला धनुर्धर. राशिचक्रातील ही धनू रास ज्या वर्तुळात बसविली होती, ते वर्तुळ ओरिसातील कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या चाकावरून घेतलेले. ग्रीक पुराणातील प्राणी आणि तेराव्या शतकातील भारतीय शिल्प यांची ही सांगड जवळपास साठ वर्षे टिकली.

१९५३ साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. जून १९६२ मध्ये नावातील ‘इंटरनॅशनल’ हा शब्द गळला आणि त्याच महिन्यात एअर इंडिया ही केवळ जेट विमाने वापरणारी जगातील पहिली कंपनी ठरली. १९७१ साली बोइंग ७४७ हे अवाढव्य विमान आले आणि त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती राजस्थानी झरोक्याची लाल महिरप रंगविली गेली. आकाशातील राजवाडा अशी त्याची जाहिरात झाली. १९८९ साली लाल शेपटीवर सोनेरी सूर्य असलेले नवे रूप आणले गेले. लोकांनी जुन्या महिरपींचा आग्रह धरला आणि दोनच वर्षांत ते मागे घ्यावे लागले. २००७ साली इंडियन एअरलाइन्सशी विलीनीकरण होताना धनुर्धर निवृत्त झाला आणि हंस आला. जानेवारी २०२२ मध्ये कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिने आणखी एक नवे चिन्ह जाहीर केले. ते झरोक्याच्याच शिखरावरून सुचलेले आहे.

हा तपशील येथे मुद्दाम दिला आहे. ‘एअर इंडियाचे जुने विमान’ असे एकच एक काही नसते, हे त्यावरून कळून येईल. पोप सहावे पॉल यांचे विमान ज्याला संगणकावर पुन्हा उभे करावयाचे असेल, त्याने त्यावर ‘इंटरनॅशनल’ असे लिहून चालणार नाही, कारण तो शब्द अडीच वर्षांपूर्वीच गेला होता. त्याने खिडक्यांना महिरपी काढूनही चालणार नाही, कारण त्या यावयास सात वर्षे अवकाश होता. दोन शब्दांमधील जोडरेघ मात्र त्याला विसरता येणार नाही. आजच्या नावात ती नाही; त्या काळच्या नावात ती होती. सर्वसाधारण माणसाच्या मनात या साऱ्या काळांची सरमिसळ झालेली असते. महिरप, महाराजा आणि धनुर्धर त्याला एकाच चित्रात दिसतात. हे चित्र मोहक असते. पण तशा रूपाचे विमान डिसेंबर १९६४ मध्ये सांताक्रूझला उतरले नव्हते.

ऑर्गनच्या भात्यापासून पडद्यापर्यंत

सिम्युलेटर या यंत्राचा जन्मही आपल्या वाचकांना रोचक वाटावा असा आहे. अमेरिकेतील बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो तयार करण्याचा कारखाना होता. ऑर्गनमध्ये भात्यांनी हवा भरून नळ्यांना सूर दिला जातो. तेच भाते आणि त्याच झडपा वापरून लिंकने १९२९ च्या सुमारास जमिनीवर उभे राहून डुलणारे, वळणारे, नाक वर-खाली करणारे एक लहान लाकडी विमान तयार केले. आरंभी त्याचे गिऱ्हाईक मुख्यतः जत्रांमध्ये मिळे. १९३४ साली अमेरिकन लष्कराच्या वैमानिकांकडे टपाल वाहून नेण्याचे काम आले. ढगाळ हवेत केवळ उपकरणे पाहून विमान चालविण्याचा सराव नसल्याने त्यांच्यातील अनेकांचे बळी गेले. त्यानंतर लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या पिढ्या त्यांवर शिकल्या. प्रार्थनामंदिरांतून आणि नाट्यगृहांतून घुमणाऱ्या वाद्याचे भाते असे माणसांचे प्राण वाचविण्याच्या कामी आले.

घरच्या संगणकावर हा अनुभव आणला तो ब्रूस आर्टविक यांनी. त्यांचा पहिला कार्यक्रम १९८० च्या सुमारास ॲपल संगणकावर चालू लागला आणि १९८२ साली मायक्रोसॉफ्टने तो आय. बी. एम. संगणकासाठी बाजारात आणला. त्या वेळी पडद्यावर काही सरळ रेषा आणि मोजके रंग एवढेच दिसत. विमानाला अंग होते, पण त्वचा नव्हती. १९९० च्या दशकात घन आकारांवर चित्र पांघरण्याची सोय झाली आणि मग छांदिष्टांना खरे काम मिळाले. विमानाचे धड, पंख आणि शेपूट यांची कातडी सोलून सपाट पसरावी, तसे एक चित्र संगणकात असते. त्या सपाट चित्रावर जे रंगवावे, ते विमानाच्या गोल अंगावर गुंडाळले जाते. शिंपी कापड बेतताना जसा शरीराचा विचार करतो, तसा रंगविणाऱ्याला वक्रतेचा विचार करावा लागतो. सपाट कागदावर सरळ दिसणारे अक्षर विमानाच्या नाकाजवळ ताणले जाते आणि पोटाकडे वाकते.

आरंभीच्या काळात ही चित्रे फार लहान असत. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. बोइंग ७०७ च्या ज्या जातीची विमाने एअर इंडियाने १९६० साली घेतली, त्यांची लांबी सुमारे १५३ फूट होती. ही सारी लांबी २५६ ठिपक्यांच्या चित्रात बसवावयाची तर एका ठिपक्याच्या वाट्याला सात इंचांहून अधिक पत्रा येतो. एखाद्या अक्षराची रेघ सात इंच जाड असेल, तर ती पडद्यावर एकच ठिपका होऊन बसते. तिचा डौल, तिचे निमुळते टोक, तिचा कल यांना जागाच उरत नाही. १०२४ ठिपके मिळाले म्हणजे तोच हिशेब पावणेदोन इंचांवर येतो. ४०९६ मिळाले म्हणजे अर्ध्या इंचाच्याही आत. यावरून असे दिसते की, जसजसे तंत्र सुधारत गेले, तसतशी रंगविणाऱ्याची जबाबदारी वाढत गेली. पूर्वी अक्षर चुकले तरी ठिपक्यांच्या गर्दीत ते खपून जाई. आता ते खपत नाही.

पुराव्याची छाननी

मग हे अक्षर मिळवावयाचे कोठून? कंपन्यांचे मूळ आराखडे बहुधा हाती लागत नाहीत. विमाने मोडीत निघाली, त्यांचा पत्रा वितळविला गेला. एखादे विमान दुसऱ्या कंपनीस विकले की सर्वप्रथम त्यावरील नावच पुसले जाते. अपघातानंतर अवशेषांवरील नावावर घाईघाईने पांढरा रंग फासल्याची उदाहरणेही विमानवाहतुकीच्या इतिहासात आहेत. तेव्हा पुरावा उरतो तो छायाचित्रांचा, वेळापत्रकांचा, तिकिटांचा आणि जाहिरातींचा.

यांत जाहिरात आणि वेळापत्रक यांवर फार विसंबता येत नाही. कागदावरील चित्रकाराने विमान लांब आणि देखणे केलेले असते, अक्षरेही आपल्या सोयीने फिरविलेली असतात. छायाचित्र अधिक विश्वासार्ह, पण तेही तिरपे घेतलेले असते. दूरचे अक्षर लहान, जवळचे मोठे दिसते. अशा वेळी खिडक्या मदतीस येतात. बोइंग ७०७ च्या दोन खिडक्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर सुमारे २० इंच असते आणि ते सर्वत्र सारखेच असते. म्हणून छायाचित्रातील खिडक्या मोजून, नाव कोणत्या खिडकीवर सुरू होते आणि कोणत्या खिडकीवर संपते, हे ठरविता येते. मग नावाची लांबी फुटांत काढता येते. खिडक्यांची रांग हीच येथे फूटपट्टी होते.

रंगाचा प्रश्न याहून बिकट आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतील अनेक रंगीत पारदर्शिका आता किरमिजी पडल्या आहेत, कारण त्यांतील निळे-हिरवे द्रव्य आधी विरले. कोडाक्रोम नावाची फिल्म त्या मानाने टिकाऊ ठरली. किरमिजी पडलेल्या चित्रातून एअर इंडियाचा लाल रंग उचलला तर तो खोटा येणार. म्हणून ज्याचा रंग आपणांस निश्चित ठाऊक आहे अशी वस्तू, म्हणजे पांढरे छत किंवा राष्ट्रध्वज, त्याच चित्रात शोधून तिच्या आधाराने बाकीचे रंग दुरुस्त करावे लागतात. छायाचित्रावर सही-तारीख असेल तर तीही पडताळावी लागते. हे सारे करूनही विमानाची एक बाजू बहुधा अंधारातच राहते. छायाचित्रकार ज्या बाजूला उभा होता तीच बाजू आपणांस दिसते.

देवनागरीची परीक्षा

या दुसऱ्या बाजूचा प्रश्न आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. एअर इंडियाच्या जंबो विमानांवर एका अंगाला रोमन लिपीत नाव असे आणि दुसऱ्या अंगाला देवनागरीत. जुन्या सिम्युलेटरमध्ये जागा वाचविण्यासाठी दोन्ही बाजूंना एकच चित्र आरशातल्यासारखे उलटवून लावण्याची पद्धत होती. पट्टे आणि खिडक्या यांना ती चालून जाई. अक्षरांना ती मुळीच चालत नसे, कारण एका बाजूचे नाव उलटे दिसे. म्हणून अक्षरांच्या भागासाठी वेगळी चित्रे करावी लागत. युरोपीय कंपन्यांच्या बाबतीत तेच नाव दोनदा लिहिले की काम भागे. एअर इंडियाच्या बाबतीत दोन लिप्या, दोन अक्षरवळणे आणि दोन वेगळे अभ्यास करावे लागतात.

परदेशी छांदिष्टाची येथे हमखास फसगत होते. तो संगणकावर देवनागरी अक्षरे टंकलिखित करू पाहतो. ज्या चित्रकलेच्या कार्यक्रमाला आपल्या लिपीची जडणघडण ठाऊक नाही, तो ‘इंडिया’मधील पहिली वेलांटी ‘ड’च्या आधी न काढता नंतर काढतो, आणि शब्द मोडतो. दुसरी फसगत शब्दकोशामुळे होते. हिंदीत ‘एयर’ असे लेखन पुष्कळदा आढळते; विमानांवर मात्र ‘एअर’ असे, आपल्या मराठी वळणाचे, लिहिलेले असे. तिसरी अडचण अनुस्वाराची. ‘इं’वरील टिंब चार इंचांचे मानले तर १०२४ ठिपक्यांच्या चित्रात त्याला जेमतेम दोन ठिपके मिळतात. ते टिकविले नाही तर देशाचे नाव ‘इडिया’ होऊन बसते.

देवनागरीची ही अडचण नवी नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा तर आरंभच तिच्याशी झगडत झाला. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रात या देशाच्या लिपीत पुस्तके छापण्याची आपली जुनी इच्छा बोलून दाखविली होती. युरोपात चोवीस अक्षरांनी भागते. येथे अक्षरे जोडाक्षरांसह असल्याने सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील, ही अडचणही त्यांनी त्यात नमूद केली होती. परिणामी १६१६ साली राचोल येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. ते ग्रंथरूपाने देवनागरीत वाचावयास मराठी वाचकाला १९५६ साली पुण्याहून निघालेल्या शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीपर्यंत वाट पाहावी लागली. छापखान्याला जे जमले नाही, ते विमानाच्या पेंटरला सहज जमले, कारण तो अक्षरे जुळवीत नव्हता, काढीत होता. पुनर्रंगकाम करणाऱ्यालाही शेवटी तोच मार्ग पत्करावा लागतो. टंकलिखिताचा नाद सोडून, छायाचित्र समोर ठेवून, शिरोरेखेपासून एकेक वळण हाताने गिरवावे लागते. येथे मराठी मुलांना एक सहज लाभ आहे. अक्षर कोठे मोडले हे त्यांच्या डोळ्यांना शिकवावे लागत नाही.

अनुमान कोठे थांबावे

१९६४ साली, पोपमहोदय मुंबईस येण्याच्या काही महिने आधी, व्हेनिस येथे जगभरचे वास्तुतज्ज्ञ जमले होते. प्राचीन वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयी त्यांनी एक सनद तयार केली. जेथून अनुमान सुरू होते तेथे जीर्णोद्धाराने थांबावे, आणि नव्याने केलेला भाग नवा म्हणून ओळखू यावा, असा तिचा आशय आहे. जुनी चर्चेस दुरुस्त करताना हे तत्त्व किती वेळा धाब्यावर बसविले गेले, हे आपण जाणतोच. दगडी वेदी जाऊन गुळगुळीत फरशी येते आणि जुने वळणदार लेख असलेल्या कबरफरश्यांवर सिमेंट फासले जाते.

चांगला पुनर्रंगकार हे तत्त्व कोणी न शिकविताही पाळतो. आपल्या कामासोबत तो एक टिपण जोडतो. डावी बाजू अमुक सालच्या छायाचित्रावरून, उजवी बाजू अनुमानाने, शेपटीचा रंग वेळापत्रकावरून, असे तो त्यात नोंदवितो. चिन्हांवरील हक्क कंपन्यांचे असल्याने तो बहुधा हे काम विनामूल्य वाटतो आणि तसे स्पष्ट लिहितो. ख्रिस्तसभेने पवित्र अवशेषांच्या बाबतीत जी सावधगिरी शिकविली, तिची येथे आठवण होते. अवशेषाची सत्यता पडताळल्याखेरीज त्याला जाहीर मान द्यावयाचा नाही आणि त्याची विक्री तर मुळीच करावयाची नाही. संगणकावरील विमान हे अर्थातच अवशेष नव्हे; ती केवळ प्रतिकृती आहे. पण प्रतिकृतीनेही आपण किती खरी आणि किती कल्पित, हे सांगितले पाहिजे. नाहीतर आणखी वीस वर्षांनी कोणी तिलाच पुरावा मानून पुस्तकात छापील. असे घडू लागलेही आहे. संगणकावरील चित्रे आता इतकी हुबेहूब असतात की, खऱ्या छायाचित्रांत ती मिसळून जातात.

यात केवळ विद्वत्तेचा प्रश्न नाही. या अक्षरांशी माणसांचे मरण निगडित आहे. १९७१ साली आलेले एअर इंडियाचे पहिले जंबो विमान ‘एम्परर अशोक’ १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून उडाले आणि काही मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. २१३ जण गेले. ‘एम्परर कनिष्क’ २३ जून १९८५ रोजी बॉम्बस्फोटाने आयर्लंडजवळ अटलांटिकमध्ये पडले. ३२९ जण गेले. ‘कांचनजंगा’ नावाचे बोइंग ७०७ विमान २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. त्यातील ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. त्याच पर्वतावर ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ही नष्ट झाले होते. म्हणजे १९४८ साली ज्या विमानाने भारताचे नाव प्रथम लंडनला नेले, त्या विमानावरील अक्षरे आल्प्सच्या बर्फात गाडली गेली.

हिमनदी आपल्या पोटातील वस्तू हळूहळू खाली आणून सोडते. २०१२ साली ‘कांचनजंगा’वरील भारतीय परराष्ट्र खात्याच्या टपालाची थैली बर्फातून वर आली; तिच्यावरील अक्षरे वाचता येत होती. २०२० साली इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी देणारी जानेवारी १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रे मिळाली. माणसे गेली, विमान चूर झाले, आणि अर्धशतकानंतर अक्षरे तेवढी जगापुढे आली.

संगणकाच्या पडद्यावर ‘एम्परर अशोक’ असे नाव रंगविणारा तरुण मुंबईचा असो वा मेलबर्नचा, त्याच्या खेळण्यावर कोणाच्या तरी पित्याची वा भगिनीची अखेरची खूण असते. म्हणून त्याने ते नाव टाळावे, असे मला वाटत नाही. नाव टाळणे म्हणजे अवशेषांवर पांढरा रंग फासणाऱ्यांच्या पंक्तीला जाऊन बसणे होय. त्याने ते नाव नीट लिहावे, त्याच्या योग्य जागी लिहावे, आणि त्या विमानाचे पुढे काय झाले हे आपल्या टिपणात नोंदवावे. नोव्हेंबर महिन्यात आपण दफनभूमीत जाऊन कबरीवरील पुसट झालेली अक्षरे पुन्हा काळ्या रंगाने भरतो. त्या वेळी आपण नवे अक्षर काढीत नाही. जे आहे तेच गिरवितो. हे कामही त्याच जातीचे आहे.

आपल्या घरांतील पुरावा

या विषयाकडे आपल्या समाजाने लक्ष द्यावे याला एक खास कारण आहे. सांताक्रूझ हे नावच पवित्र क्रुसाचे. कोळे कल्याण आणि सहार येथील ईस्ट इंडियन गावांच्या शेतांवर हा विमानतळ वाढला. त्या गावांनी जमिनी गमावल्या आणि त्यांतील अनेक घरांतील मुलामुलींना विमानतळावर नोकऱ्याही मिळाल्या. वसईपासून वांद्र्यापर्यंत अशी कितीतरी ख्रिस्ती कुटुंबे आहेत, जेथे कोणी हँगरमध्ये, कोणी स्वयंपाकगृहात, कोणी हवाईसेविका म्हणून आयुष्य काढले. या घरांच्या कपाटांत जुनी कॅलेंडरे, भोजनपत्रिका, पत्त्यांचे जोड, गणवेशावरील पंखांची पदके आणि कुटुंबीयांसह विमानासमोर काढलेली छायाचित्रे पडून आहेत. जी ‘दुसरी बाजू’ जगातील पुनर्रंगकार शोधीत आहेत, ती कदाचित आपल्याच एखाद्या आल्बममध्ये, कोणाच्या खांद्यामागे, उन्हात उभी असेल.

ही पिढी आता वार्धक्यात आहे. घर बदलताना किंवा वडीलधारे निवर्तल्यावर असे कागद रद्दीत जातात. प्रत्येक धर्मग्रामात युवकांचा एखादा गट असतो. त्यांच्यापैकी संगणकाची आवड असणारेही असतात. त्यांनी या छायाचित्रांच्या प्रती काढाव्यात, मागे साल आणि स्थळ नोंदवावे आणि पारदर्शिका किरमिजी पडण्याआधी त्यांतील रंग टिपून ठेवावेत. ज्यांनी ही विमाने प्रत्यक्ष धुतली, पुसली, रंगविली, त्यांच्याकडे बसून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: अक्षराचा कागद कोण आणीत असे, आणि रंगाचा हात कोण मारीत असे. ज्या पेंटरांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत, त्यांतील एखादे नाव तरी त्यामुळे मिळेल. विमानावरील नाव ज्याने रंगविले, त्याचे स्वतःचे नाव आता लिहून ठेवावयास हवे.